सांध्यांच्या आजारात हृदयाची विचारपूस



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांनी रोग्याला तक्रारीपुरतं न तपासता संपूर्ण तपासण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. त्यांच्या स्मृतीला शोभेल असा विषय आज मी निवडला आहे : आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या माणसाचं हृदय. विषय कळल्यावर संयोजकांनी मला विचारलं, ‘सांधे आणि हृदय अशी दोन व्याख्यानं आहेत का?’ नाही, एकच आहे. ते एकच का आहे, हेच मला सांगायचं आहे.

1948 साल घेऊ. त्या वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या छोट्या शहरात एक पाहणी सुरू झाली. 5209 धडधाकट स्त्री-पुरुषांची नोंद करायची, त्यांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं आणि कुणाला हृदयविकार होतो ते पाहायचं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही आज प्रत्येकाच्या तोंडी असलेली यादी बरीचशी तिथून आली. त्याच वर्षी सप्टेंबरात मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली. दोन-तीन दिवसांत तिचं अंग मोकळं झालं आणि ती चालू लागली. 1950 मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं. आणि 1948च्याच ऑगस्टात आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत वारले. भीमावरमला जन्मलेला हा माणूस. लेडर्ले प्रयोगशाळेतल्या त्यांच्या चमूनं कर्करोगासाठी जी औषधं घडवली, त्यांतलं मेथोट्रेक्सेट आज आमवाताच्या उपचारांचा कणा आहे. या सभागृहातसुद्धा आठवड्यातून एकदा ती पिवळी गोळी घेणारे काही जण नक्की असतील.

एकाच वर्षात या तीन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे लक्षात यायला मात्र अर्धं शतक गेलं. फ्रेमिंगहॅमच्या गणितात सांध्यांना जागा नव्हती आणि सांध्यांच्या दवाखान्यात फ्रेमिंगहॅमचं गणित कुणी मांडत नव्हतं.

पुढं जाण्याआधी एक घोटाळा दूर करतो, कारण व्याख्यान संपल्यावर हाच प्रश्न हमखास येतो. लहानपणी घसा सुजून ताप येतो, सांधे धरतात आणि पुढं हृदयाच्या झडपा खराब होतात, तो संधिज्वर. तो जंतूंच्या संसर्गातून होतो. मी त्याबद्दल बोलत नाही. उतारवयात गुडघे झिजतात, त्याबद्दलही नाही. आमवातात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तो बहुतेकदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीनपट आढळतो. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, मूठ मिटत नाही, तासभर हात कामाचे राहत नाहीत. आणि हा दूरदेशीचा आजार नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 मध्ये घरोघरी जाऊन संधिवाताची पाहणी झाली, तेव्हा साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात असल्याचं दिसलं. यावरून आपापल्या तालुक्याचा हिशेब तुम्हीच करा.

आता मुख्य मुद्दा. आमवातानं माणूस मरत नाही, अशी आपली समजूत आहे. हातपाय वाकडे होतील, हाल होतील, पण जिवाला धोका नाही, असं नातेवाईक म्हणतात आणि कधी कधी डॉक्टरही म्हणतात. हे खरं नाही. आमवाताच्या रुग्णांच्या मृत्यूंची कारणं शोधली, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार सर्वांत वर येतात. त्याच वयाच्या इतरांपेक्षा त्यांचा हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट असतो. अमेरिकेत परिचारिकांच्या आरोग्याची एक प्रचंड पाहणी 1976 पासून चालू आहे. तिच्यातल्या 1 लाख 14 हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती 2003 मध्ये मांडली गेली. आमवात असलेल्या स्त्रियांना हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण दुप्पट होतं. आजाराला दहा वर्षं उलटलेल्यांत ते तिप्पट होतं. नेदरलँडमधल्या संशोधकांनी आमवात आणि मधुमेह शेजारी ठेवून पाहिले, तर धोका जवळपास सारखाच निघाला.

हे जरा सावकाश ऐका. मधुमेह आहे म्हटलं की आपण काय करतो? साखर तपासतो, रक्तदाब तपासतो, डोळे तपासतो, कार्डिओग्राम काढतो, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करतो. घरातलं पोरसुद्धा म्हणतं, ‘आजी, तुला साखर आहे, हृदयाला जप.’ आणि आमवात आहे म्हटलं की? बोटं पाहतो. गुडघे पाहतो. एक्स-रे काढतो. धोका तेवढाच आहे, मग एकाची एवढी काळजी आणि दुसऱ्याची विचारपूससुद्धा नाही, असं का?

त्यात आपण दक्षिण आशियातले. जगभरच्या 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात, 2004 साली, असं दिसलं की पहिला झटका येताना आपल्याकडच्या लोकांचं वय साधारण 53 असतं. इतरांचं त्याहून पाच-सहा वर्षांनी जास्त. म्हणजे आपला धोका मुळातच लवकर सुरू होतो आणि आमवात त्यात भर घालतो.

असं का होतं?

बरीच वर्षं आपण असं मानत आलो की रक्तवाहिन्यांत चरबी साचते, वाट अरुंद होते आणि एक दिवस बंद पडते. हे अर्धंच चित्र आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रसेल रॉस यांनी 1999 मध्ये ठामपणे मांडलं की रक्तवाहिन्यांचा हा विकार मुळात दाहाचा आहे. धमनीच्या अस्तराला इजा होते, तिथं पांढऱ्या पेशी जमतात, चरबी गिळतात, फुगतात आणि तिथं सूज धुमसत राहते. आमवातात सांध्याच्या अस्तरात नेमकं काय होतं? पांढऱ्या पेशी जमतात आणि सूज धुमसत राहते. पेशी त्याच, आणि त्यांनी सोडलेली रसायनंही तीच : टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6. बोटाच्या सांध्यात तयार झालेली ही रसायनं बोटात थांबत नाहीत. ती रक्तात उतरतात, यकृताला सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवायला लावतात, स्नायू झिजवतात, इन्सुलिनचं काम बिघडवतात आणि धमनीच्या अस्तराला सतत डिवचत राहतात. झटका नेहमी सर्वांत मोठ्या अडथळ्यामुळेच येतो असं नाही. पुष्कळदा वाट फारशी न अडवणारा, पण आतून पेटलेला चरबीचा थर पातळ कातडीच्या गळवासारखा फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि रक्त थांबतं. आमवातात असे नाजूक थर जास्त सापडतात.

दाह खरंच दोषी आहे का? हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी फक्त दाह कमी करायचा, कोलेस्टेरॉलला हात लावायचा नाही आणि झटके कमी होतात का ते पाहायचं. हा प्रयोग झाला. त्याचं नाव कॅन्टोस. 2017 मध्ये निकाल आला. त्यातल्या 10,061 रुग्णांना आधी झटका येऊन गेला होता आणि त्यांचं सीआरपी वाढलेलं होतं. इंटरल्यूकिन-1 अडवणारं इंजेक्शन मधल्या मात्रेत घेणाऱ्यांमध्ये झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 15 टक्क्यांनी घटलं. कोलेस्टेरॉल जिथल्या तिथं होतं. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले, म्हणून ते औषध हृदयासाठी वापरात आलं नाही. पण मुद्दा सिद्ध झाला.

याच सुमारास दुसरा प्रयोग झाला. मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे, तेच हृदयरोग्यांना देऊन पाहू, असं ठरलं. हे रुग्ण आमवाताचे नव्हते. 4786 जणांवर प्रयोग झाला आणि उपयोग शून्य. काही जणांनी यावरून दाहाची सगळी कल्पनाच निकालात काढली. मला ते पटत नाही. त्या रुग्णांत दाह फारसा नव्हताच आणि त्या औषधानं त्यांचं सीआरपी हललंही नाही. जिथं आग नाही, तिथं पाणी ओतून काय सिद्ध होणार?

या सगळ्यांत माझ्या मनात घर करून बसलेला पुरावा ब्रिटनमधला आहे. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी 1992 मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात टीएनएफ अडवणारं औषध आमवाताच्या रुग्णांना प्रथम दिलं. पुढं ही औषधं घेणाऱ्या हजारो रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ब्रिटनमध्ये ठेवली गेली. 2007 मध्ये तिचा हिशेब मांडला, तेव्हा काय दिसलं? औषध सगळ्यांना त्याच जातीचं होतं. पण पहिल्या सहा महिन्यांत ज्यांचे सांधे निवळले, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके निवळले नाहीत त्यांच्यापेक्षा बरेच कमी होते. बोटांची सूज उतरली, त्यांचं हृदयही सावरलं. सांध्यांवरचा चांगला उपचार हाच हृदयावरचा पहिला उपचार आहे, असं मी ठामपणे म्हणतो ते याच आधारावर.

आता कोलेस्टेरॉलचा सापळा. यात रुग्णही फसतात आणि डॉक्टरही. आमवात भडकलेला असतो तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली येतं. दाहच त्याला खाली ओढतो. अहवाल हातात येतो, सगळे आकडे छान. ‘ताई, तुमचं कोलेस्टेरॉल तर उत्तम आहे!’ आणि नेमका तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. उपचारानं आजार निवळला की कोलेस्टेरॉल वर चढतं आणि घरची मंडळी औषधाला दोष देऊन गोळ्या बंद करतात. असं करू नका. ही तपासणी आजार शांत असताना करायची असते, त्या आकड्यालाच अर्थ असतो. वजनाचंही तसंच. आमवातात स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते. काटा तेवढाच राहतो. बारीक दिसणाऱ्या बाईला हृदयाचा धोका नाही, असं कृपा करून समजू नका.

परवा-परवाच्या एका रुग्णाबद्दल सांगतो. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. पन्नाशीच्या बाई, आमवात बरीच वर्षं. मनगटं ताठ झालेली, कुकरचं झाकण सुनेला लावून द्यावं लागे. तक्रार काय, तर ‘पित्त झालंय, जेवलं की वर येतं आणि डावा खांदा धरतो.’ खांदा धरतो, ही तक्रार आमवाताच्या फाइलमध्ये प्रत्येक पानावर असते. त्यामुळे तिच्याकडं कोण लक्ष देणार? छातीत दुखतं का, विचारलं. नाही म्हणाल्या. जिना चढताना धाप लागते का? ‘मी जिना चढतच नाही डॉक्टर, गुडघे कुठं चढू देतात?’ या एका वाक्यात सगळा आजार आहे. ज्याला चालता येतं त्याला चालताना छातीत कळ येते, तो थांबतो, डॉक्टरकडं जातो. जिचं चालणंच थांबलंय तिला हृदय इशारा देणार कसा? त्यांचा ईसीजी काढला, तर जुन्या झटक्याची खूण स्पष्ट होती. तो कधी येऊन गेला, त्यांना पत्ता नव्हता. अमेरिकेत मिनेसोटाच्या एका परगण्यातल्या रुग्णांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही हेच दिसलं : आमवातात छातीत दुखल्याची तक्रार कमी आणि न कळता येऊन गेलेले झटके जास्त. म्हणून धाप, कारण नसताना थकवा, जबड्यात किंवा खांद्यात नवं दुखणं, मध्येच फुटलेला घाम, या गोष्टी ‘वातानंच होत असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

मग सांध्यांच्या डॉक्टरनं हृदय का पाहिलं नाही? हृदयाच्या डॉक्टरनं बोटं का पाहिली नाहीत? ख्रिस्तियान बर्नार्ड हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 3 डिसेंबर 1967 ला केपटाउनमध्ये त्यांनी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं. या माणसाला 1950च्या दशकापासून आमवात होता. सुजऱ्या, दुखऱ्या हातांनी ते हृदयं शिवत होते आणि त्या हातांपायीच 1983 मध्ये त्यांना शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. जगातला सर्वांत नावाजलेला हृदयशल्यचिकित्सक आणि आमवाताचा रोगी एकाच देहात होते, तरीही सांध्यांच्या दवाखान्यात हृदयाचा धोका मोजावा, अशी पद्धत त्यांच्या काळात नव्हती. आता ती आहे. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं सांगून ठेवलंय : आमवाताच्या रुग्णाचा हृदयविकाराचा धोका नेहमीच्या पद्धतीनं मोजा आणि आलेल्या आकड्याला दीडनं गुणा. निदान पाच वर्षांतून एकदा तरी मोजा. एवढं साधं काम आहे, आणि आपल्याकडं बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते होत नाही. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

औषधांकडं येतो. स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोनच्या जातीचं औषध, जीव वाचवणारं आहे, हेंच यांच्या त्या रुग्णाला विचारा! पण मात्रा जितकी मोठी आणि काळ जितका लांब, तितका रक्तदाब, साखर आणि हृदयाचा धोका वाढतो. गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा तेच मिसळलेलं असतं. ‘पहिल्याच पुडीला उतार पडला,’ असं कुणी सांगितलं की मला आधी तीच शंका येते.

दुसरी गोष्ट, दुखण्यावरची गोळी. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून ती निरुपद्रवी आहे असा समज आहे. रोफेकॉक्सिब नावाची गोळी, व्हायोक्स या नावानं, 1999 मध्ये मोठ्या गाजावाजानं आली. पोटाला त्रास नाही, अशी तिची ख्याती होती. 2000 साली आमवाताच्याच आठ हजारांवर रुग्णांवर तिचा अभ्यास झाला, त्यात हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. तरी ती आणखी चार वर्षं विकली गेली. सप्टेंबर 2004 मध्ये कंपनीनं ती मागं घेतली, त्याच वर्षी भारतात तिच्यावर बंदी आली. आज आपल्या घराघरांत असलेल्या डायक्लोफिनॅकबद्दलही युरोपच्या नियामकांनी 2013 मध्ये बजावलंय की हृदयविकार असलेल्यांनी ते घेऊ नये. दुखणं असह्य झालं तर चार दिवस गोळी घ्या, पण डॉक्टरला सांगून घ्या. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनानं नको.

टोफासिटिनिब ही नवी गोळी आपल्याकडं आता स्वस्तात मिळते आणि सांध्यांवर गुणकारी आहे. मात्र पन्नाशीपुढच्या, हृदयाचा धोका आधीच असलेल्या रुग्णांत तिची टीएनएफ अडवणाऱ्या औषधांशी तुलना झाली, तेव्हा झटके आणि कर्करोग तिच्या बाजूला जास्त दिसले. म्हणून ती सुरू करण्याआधी वय आणि हृदय विचारात घ्यावं लागतं. आणि मेथोट्रेक्सेट? कर्करोगासाठी जन्मलेल्या या औषधाचं एक भावंड 1951 मध्येच आमवातासाठी सुचवलं गेलं होतं. कॉर्टिसोनच्या दिपवणाऱ्या यशापुढं ती कल्पना मागं पडली आणि अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी परवानगी मिळायला 1988 उजाडलं. ते घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांत हृदयविकार कमी आढळतो, असं अनेक पाहण्यांतून दिसलंय. फक्त ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. घरी गोळ्यांचा डबा भरणाऱ्यांनी आज रात्रीच तो उघडून पाहा.

तंबाखूबद्दल थोडक्यात. धूम्रपानानं आमवात होण्याची शक्यता वाढते, झालेला बळावतो आणि हृदयाचं नुकसान होतं ते वेगळंच. पण आपल्याकडं बायका विडी ओढत नाहीत म्हणून डॉक्टर विचारतच नाहीत. मशेरीबद्दल विचारा. सकाळी आखडलेल्या बोटांनी मशेरी लावणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यातलं निकोटिन रक्तदाब आणि नाडी वाढवतंच.

व्यायामानं सांधे झिजतात, ही भीतीही सोडा. सूज भडकलेली असताना विश्रांती घ्या, निवळल्यावर चाला, पोहता आलं तर पोहा, मोकळं सायकलिंग करा. आमवाताचा रुग्ण बसून राहतो, तेव्हा सांधे वाचत नाहीत आणि हृदय मात्र खचतं.

शेवटी, तरुण डॉक्टर मित्रांनो, तुमच्या ओपीडीत आमवाताचा रुग्ण आला की बोटं तपासण्याआधी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधा. आणि रुग्णांनो, हृदयाच्या डॉक्टरकडं गेलात की पहिलंच वाक्य असं बोला : ‘मला आमवात आहे, इतकी वर्षं आहे, आणि मी या गोळ्या घेते.’ गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. त्यांत स्टिरॉइड असेल तर अँजिओग्राफीच्या, शस्त्रक्रियेच्या किंवा उपासाच्या नावाखाली ते एकदम बंद करू नका. डॉक्टरला विचारा, मात्रा तेच ठरवतील. ज्यांना आज रक्तदाब मोजून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला आमचे विद्यार्थी थांबले आहेत.